वाघजाईचं वळण

आनंदा घोलपांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले होते, आणि माझ्या खिडकीखाली रस्ता संपलेला होता. डावीकडे दरी. समोर डांबराचा एक तुकडा, पुढे उजवीकडे वळण, आणि वळणापलीकडे नुसतं आभाळ. मिनीबस सेकंड गिअरमध्ये उतरत होती. काकांचे हात कपाळाजवळ जोडलेले, मान उजवीकडे, डोंगराच्या कपारीतल्या वाघजाईच्या ठाण्याकडे वळलेली. स्टिअरिंग त्यांच्या गुडघ्याला टेकलं होतं.

मी ओरडलेसुद्धा नाही.

मग हात खाली आले आणि बस उजवीकडे वळली. मागच्या सीटवर बांगड्या वाजल्या. प्रवाशांनीही हात जोडले होते, ते आता खाली येत होते.

"काका," मला बोलता यायला लागलं तेव्हा मी म्हणाले, "आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"हात सोडलेत."

"मी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"समोर बघा, समोर!"

"न्हाई वकीलबाई. आज तुम्ही शेजारी बसलाय. आज कसा सोडीन?"

"सोडले की," मागून शैला सिस्टर म्हणाल्या. त्या खालच्या ग्रामीण रुग्णालयात नोकरीला होत्या आणि रोज याच गाडीने जात-येत. "नेहमीसारखेच सोडले. आणि न सोडून कसं चालेल? देवीसमोरून तसंच पुढे जायचं का?"

घाट उतरेपर्यंत काकांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की त्यांच्या मनगटाच्या शिरा मला दिसत होत्या.

माझी वकिली तेव्हा दुसऱ्या वर्षात होती. घोलपांचं घर आमच्या घरामागच्या आळीत. मी शाळेत असल्यापासून ते घाटावरून खाली तालुक्याला मिनीबस चालवत होते आणि त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलंही नव्हतं. मग एका नव्या प्रवाशाने मागच्या सीटवरून फोनवर चित्रण केलं: चालती बस, वळण, आणि ड्रायव्हरचे हवेत जोडलेले हात. ते गावोगावच्या ग्रुपवर फिरलं, परिवहन कार्यालयापर्यंत पोचलं, आणि काकांना नोटीस आली. लायसन रद्द का करू नये, याचं कारण सोमवारी समक्ष येऊन सांगा.

ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या इनामदार वकिलांना मी त्या दिवशीचा प्रवास सांगितला. ते हसले.

"तू कशाला बसायला गेलीस त्या गाडीत? अशिलाचं वकिलाने डोळ्यांनी बघायचं नसतं. हे बघ, चित्रण कुणी केलं, कधी केलं, मूळ फोन कुठे आहे, तो माणूस साक्षीला येणार आहे का, एवढं विचार. उत्तरं नसतील तर पुरावा नाही. पुरावा नसेल तर रद्द कशाच्या जोरावर करणार?"

"पण ते खरंच हात सोडतात, सर."

"ते परिवहनवाल्यांना विचारू दे. तू सांगू नकोस."

संध्याकाळी मी काकांच्या घरी हेच समजावून सांगायला गेले. सुमनकाकू भाजी निवडत बसल्या होत्या.

"घरातल्या देव्हाऱ्यापुढं या माणसानं कधी हात जोडलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "उदबत्ती लावा म्हटलं तर पेपर वाचत बसतोय. आन् गाडीत बसला की मोठा भगत!"

"गप ए," काका म्हणाले.

"का गप? लायसन गेलं तर दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसणार कोण? तुम्हीच की." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "जाईल का गं लायसन? ह्याला दुसरं काय येत न्हाई. भाकरी करपली तरी ह्याला वास येत न्हाई, पण गाडीचा आवाज जरा बदलला की झोपेतनं उठतोय."

"काका, साहेबांनी काही विचारलं तर माझ्याकडे बघायचं," मी म्हणाले. "उत्तर मी देईन."

"बरं."

सोमवारी दळवी साहेबांसमोर आम्ही बसलो. साहाय्यक परिवहन अधिकारी. चष्मा कपाळावर सरकवलेला, आवाज कधी न चढणारा माणूस. मी इनामदारांचे सगळे प्रश्न एकामागून एक मांडले. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि ते चित्रण सुरू केलं.

काकांकडे बटणांचा फोन होता. गावभर फिरलेली ती चित्रफीत त्यांनी स्वतः बघितलीच नव्हती, आणि मलाही ती त्यांना दाखवायचं सुचलं नव्हतं. ते पुढे वाकले. पडद्यावर त्यांची पाठ होती, ओळखीचा चौकटीचा शर्ट, जोडलेले हात, आणि काचेतून सरकत येणारं ते रिकामं आभाळ.

"घोलप, हे तुम्हीच ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पडद्याकडेच बघत होते.

"मीच हाय," ते म्हणाले. आणि मग अगदी खऱ्या आश्चर्याने, "आन् मग गाडी कोण चालवतंय?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय," दळवी म्हणाले.

माझ्या सगळ्या मुद्द्यांचा त्या एका वाक्यात निकाल लागला होता.

"मॅडम," दळवी मला म्हणाले, "माणूस चांगला आहे, अपघात नाहीत, घर यावर चालतं, हे तुम्ही आता सांगाल. मला ते मान्य आहे. पण याच्या पाठीमागे माणसं बसतात. नर्स बसतात, कॉलेजची पोरं बसतात. उद्या ते स्टिअरिंग सटकलं तर मी कुणाला काय सांगू? देवदर्शन चाललं होतं?"

"साहेब, ती सवय आहे," मी म्हणाले. "त्यांना स्वतःलाही कळत नाही. पण सवय मोडता येते. लायसन रद्द करण्याआधी एकदा तुम्ही स्वतः शेजारी बसून बघा. हात सुटले तर आमचं काही म्हणणं नाही."

बोलून झाल्यावर मला कळलं की आपण काय बोललो. पण तोपर्यंत दळवींनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता.

"गुरुवारी सकाळी," ते म्हणाले. "रिकामी गाडी. वरून खाली. हात सुटले तर मी तिथेच लायसन घेईन घोलप, आणि मग ते परत मिळेल या आशेवर राहू नका."

मंगळवारी आणि बुधवारी मी काकांबरोबर घाटात गेले. प्रत्येक फेरीला वळण जवळ आलं की मी "हात!" म्हणायचे. ते "व्हय, व्हय" म्हणायचे. आणि हात उठायचे. एकदा मी त्यांच्या मनगटावर माझा हात ठेवला, तर त्यांच्या हाताबरोबर माझाही हात वर गेला. चित्रणात दिसत नव्हतं ते मला आता जवळून दिसत होतं. हात उठायच्या आधी त्यांची मान वळायची आणि चेहरा सैल पडायचा, झोपेतल्या माणसासारखा. रात्री मला त्या वळणाची स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात बस वळायचीच नाही.

"असं न्हाई जमायचं," बुधवारी दुपारी सुमनकाकू म्हणाल्या. "तिला इचारल्याशिवाय ह्याचं हात खाली ऱ्हायचं न्हाईत. कौल लावा."

माझा विश्वास नव्हता. पण माझ्याकडे दुसरा उपायही नव्हता.

आम्ही तिघं आणि गुरव असे चालत ठाण्यापर्यंत गेलो. पायी गेल्यावर ती जागा वेगळीच वाटली, लहान आणि ओलसर. कपारीत शेंदूर लावलेला तांदळा, नुसता बिनघडीव दगड, वर घंटा. समोरचा रस्ता दोन गाड्या जेमतेम एकमेकींना ओलांडतील एवढा. बस इथे उभी करायचा प्रश्नच नव्हता; वळणामागून येणाऱ्याला ती धडक बसेपर्यंत दिसली नसती. रस्त्यापलीकडे गुडघाभर उंचीचा कठडा होता, तोही मध्येच तुटलेला. सुमनकाकू आणि मी कठड्यापर्यंत जाऊन आलो. काका गेले नाहीत. ते देवीकडे तोंड करून उभे राहिले. मला ते तेव्हा साहजिक वाटलं.

गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना पाण्याने एकेक फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"बोला," तो म्हणाला.

काका नुसते हात जोडून उभे राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "आई, हा माणूस उद्यापास्नं तुझ्यासमोरनं हात न जोडता जाईल. सरकारचं तसं म्हणणं हाय. मनातनं जोडील. राग धरू नको. चालणार असंल तर उजवं दे."

मी त्या दोन फुलांकडे बघत राहिले. माझी सगळी केस आता त्या ओल्या दगडावर चिकटलेली होती. खालून एक ट्रक चढत आला, हॉर्न वाजवत गेला, हवेच्या झोताने घंटा किंचित हलली. फुलं हलली नाहीत. गुरवाने पुन्हा म्हटलं, "आई, लेकरं उभी हायत." बऱ्याच वेळाने उजवीकडचं फूल घसरलं आणि खाली पडलं.

"दिलं!" काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "आता काय भ्या न्हाई. ऐकलं का हो? दिलं तिनं."

"दिलं," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला नाही.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. दळवी साहेब काकांच्या शेजारी बसले, मी त्यांच्या पाठीमागच्या सीटवर. काकूंना यायचं होतं, पण साहेबांनी नको म्हटलं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि बस सुटेपर्यंत हलल्या नाहीत. मागून साहेबांची सरकारी जीप येत होती.

"नेहमीसारखी चालवा," दळवी म्हणाले. "मी इथे नाही असं समजा."

"व्हय साहेब."

पहिली वळणं सहज गेली. काकांचे हात जागेवर, आरसे बघणं, हॉर्न, सगळं बिनचूक. दळवींनी एकदा मान डोलावली. मग धुकं दाट झालं. समोरच्या काचेवर पाणी जमायला लागलं आणि वायपर कुरकुरत फिरू लागले. वाघजाई अजून दोन वळणं पुढे होती तेव्हाच काकांनी वेग कमी केला.

मी फक्त त्यांच्या हातांकडे बघत होते.

शेवटचा सरळ तुकडा लागला. उजवीकडे धुक्यात शेंदराचा तांबडा डाग दिसला. काकांच्या डाव्या हाताची बोटं उघडली. बोटं पुन्हा मिटली. त्यांची मान उजवीकडे वळायला लागली आणि मध्येच थांबली, कुणीतरी हनुवटी धरून सरळ केल्यासारखी. त्यांनी समोर बघितलं.

नेमकं तेव्हा दरीतून वारा आला आणि वळणापुढचं धुकं फाटलं.

बसचा वेग आणखी कमी झाला. चालत्या माणसाने आम्हाला गाठलं असतं. हात स्टिअरिंगवर होते, पण स्टिअरिंग वळत नव्हतं. डाव्या चाकाखाली खडी करकरली. रस्त्याची कड आली होती. मी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. आरशात मला काकांचे डोळे दिसले. ते इतके उघडे होते की मला ते ओळखीचे वाटले नाहीत.

"घोलप, उजवीकडे घ्या," दळवी शांतपणे म्हणाले.

काही झालं नाही.

"घोलप."

स्टिअरिंग फिरलं. खडीचा आवाज बंद झाला. बस वळली, तांबडा डाग मागे गेला आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी धुकं आलं.

खाली स्टँडसमोर दळवी उतरले. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी तिथेच लिहिलं: सक्त ताकीद, लायसन कायम, प्रकरण बंद. सही करून प्रत माझ्या हातात दिली.

"हात जागेवर होते," ते म्हणाले. "त्या वळणावर जरा कडेला गेलात, पण धुकं होतं. फारच सावकाश घेतलंत. घाटात सावकाश चांगलंच." मग मला म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं मॅडम. सवय मोडते."

जीप निघून गेली. मी इनामदारांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, पेढे आण." मी हसले. बऱ्याच दिवसांनी मला माझे खांदे हलके वाटले. रात्रपाळी संपवून शैला सिस्टर आल्या, कॉलेजचे दोघं-तिघं आले, वरच्या गावाला लग्नाला निघालेलं एक कुटुंब आलं. बस भरली. काका आपल्या सीटवर बसले होते आणि इंजिन चालू होतं.

बस निघेना, तेव्हा मी पुढे गेले आणि त्यांच्या शेजारी बसले.

"चला काका. काकू वाट बघत असतील."

"वकीलबाई," ते खाली बघत म्हणाले, "तिथं एवढं खोल हाय?"

"कुठे?"

"वाघजाईपाशी."

मी त्यांच्याकडे वळले.

"तरणा होतो तवापास्नं जातोय मी तिथनं," ते म्हणाले. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं. "पहिल्या दिवशी गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं सांगितलं, हितं आलास की देवीकडं बघायचं, हात जोडायचं. तसंच करत आलो. हात जोडलं की मान तिकडं व्हायची. हात खाली आलं तरी गाडी वळून जाईस्तवर नजर तिच्याकडंच असायची. चालत गेलो तरी तिच्याकडंच बघायचो. दरी मी कधी बघितलीच न्हाई. आज पयल्यांदा बघितली."

"देवीने कौल दिलाय काका. तुमच्यासमोर दिलाय."

"तिचं काय न्हाई हो. ती कशाला रागवंल?" त्यांनी आपल्या बाजूच्या खिडकीकडे बघितलं. "उतरताना दरी तुमच्या बाजूला हुती. चढताना माझ्या खिडकीत हाय."

मागे कुणीतरी म्हणालं, "चला की ड्रायव्हरसाहेब, मुहूर्त टळंल!" दोघंतिघं हसले.

मी मागे वळून बघितलं. मग त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणाले, "काका, जोडा हात. नेहमीसारखे. आता कुणी बघत नाही."

हे मी म्हणाले. ताकिदीचा कागद माझ्या मांडीवर होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता.

"आता जोडून काय उपयोग?" ते म्हणाले. "आता ठावं हाय ना."

त्यांनी पाय क्लचवर ठेवला. गिअर टाकला. बस एक हिसका देऊन हातभर पुढे सरकली आणि थांबली. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला ते हात उचलत नव्हते.

शैला सिस्टर सीटवरून उठून पुढे आल्या. "काय झालं हो? लायसन काढून घेतलं का त्या साहेबानं?"

"नाही," मी म्हणाले. "लायसन आहे."

"मग?"

काकांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं आणि बसमधलं सगळं बोलणं एकदम मोठ्याने ऐकू यायला लागलं.

"उतरा," ते म्हणाले. "सगळी उतरा. गाडी वर जात न्हाई."